गच्चीवरचं लाल कांबळं

पिरेअस, २८ जून १९९३

वन्सं कालिरोई यांस,

तुमचा भाऊ जाऊन बारा वर्षं झाली. एवढ्या काळात ईस्टरच्या कार्डापलीकडे मी तुम्हाला ओळसुद्धा लिहिली नाही, आणि आज लिहितेय तीही गरज पडली म्हणून. उगाच गोड बोलणं मला जमत नाही.

गरिफालियाने हट्ट धरलाय. परीक्षा संपली, सोळा पूर्ण झाली, आता आत्याकडे आमोर्गोसला जायचंच म्हणते. निकितास भाऊजी छातीच्या दुखण्यानं आजारी आहेत हे तिला कळलं, तेव्हापासून तर ऐकायलाच तयार नाही. तुम्हाला हातभार लागेल म्हणून मी पाठवतेय. शुक्रवारच्या बोटीवर बसवते.

पण माझी अट ऐका. पोरगी पाण्यात गुडघ्याच्या वर जाता कामा नये. तुमच्या पिसो याला गावाचं नुसतं नाव निघालं तरी माझ्या अंगावर काटा येतो. मानोलिस त्या पाण्यात कशापायी गेला हे तिला ठाऊक नाही. ती चार वर्षांची होती. बाबा पोहताना हृदय बंद पडून गेले, एवढंच मी तिला सांगितलंय. तिची रबरी रिंग वाऱ्यानं वाहत गेली आणि ती आणायला बाप पोहत गेला, हे तिला कधीही कळता कामा नये. आयुष्यभर ते ओझं तिच्या मानेवर नको.

फोन केला असता, पण तुमच्या गावात तो एकच, तोही कॉफीच्या दुकानात. तिथे मी एक वाक्य बोलले की संध्याकाळपर्यंत त्याची चार होतात.

स्टमाटिया

*

पिसो याला, ९ जुलै

अगं स्टमाटिया,

पोचली बरं पोरगी. बोटीतून उतरली आणि मला धस्स झालं. मानोलिसची चाल, मानोलिसची हनुवटी! निकितासनं तिला बघितलं आणि म्हणाला, "हा आला का परत? याला आधी जेवायला घाला." मग दोघंही रडले. मी नाही रडले, माझी डाळ चुलीवर होती.

तुझं पत्र वाचलं. "वन्सं" काय, "यांस" काय! अगं, मी काय कोर्टाची कारकून आहे? असू दे, लिहिलंस हेच पुष्कळ.

तिची काळजी करू नकोस. सकाळी आम्ही सगळ्या म्हाताऱ्या टोप्या घालून पाण्यात उतरतो तेव्हा ती काठावर असते. तुला आठवत असेल आमचा गोल: गळ्यापर्यंत पाणी, टोप्या कोरड्या, आणि तोंडं चालू. आख्ख्या गावाची लग्नं आम्ही पाण्यात जुळवतो नि पाण्यातच मोडतो.

निकितास अजून रोज सकाळी गच्चीवर खुर्ची मांडून बसतो. डोंगरावरून वारा उतरायला लागला की दम लागला तरी उठतो आणि कठड्यावर लाल कांबळं टाकतो. चाळीस वर्षांचा नेम आहे त्याचा. खालच्या किनाऱ्यावरच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे, गच्चीवर लाल दिसलं की काठाजवळच्या खडकाच्या पुढे जायचं नाही, होडकं काढायचं नाही. आता गरिफालिया, आमची फालिया, त्याला हात देते, दोघं मिळून टाकतात. तेवढंच त्याला बरं वाटतं.

तुझी
कालिरोई

*

पिरेअस, १७ जुलै

वन्सं,

"काठावर असते" असं तुम्ही लिहिलंत. काठावर बसून काय करते ते लिहिलं नाहीत.

तिचंही पत्र आलं. त्यात वाक्य आहे, "आई, इथे रात्री झोपताना केसांतून मीठ गळतं." गुडघ्यापर्यंत पाण्यात उभं राहणाऱ्या मुलीच्या केसांत मीठ कुठून येतं हो? मी शिलाईचं काम करते, बावळट नाही.

आणि त्या कांबळ्याचं कौतुक मला सांगू नका. त्या दिवशीही ते कठड्यावर होतं. मानोलिसला दिसत होतं. तरी गेला. काठाशी पाणी तेलासारखं शांत होतं म्हणून गेला. तुमचं कांबळं कुणाला वाचवत नाही.

पनायीया देवमातेच्या तसबिरीवर हात ठेवून लिहा, की माझी मुलगी पाण्यात उतरत नाही.

स्टमाटिया

*

पिसो याला, २४ जुलै

स्टमाटिया,

तसबिरीवर हात ठेवून खोटं लिहिणार नाही. उतरते. मी उतरवते. घे, झालं समाधान?

आता शिव्या देऊन झाल्या की पुढचं वाच. ती आली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी बघितलं, काठावर बसून ती समुद्राकडे कशी बघते ते. भुकेलं माणूस भाकरीकडे बघतं तसं. आज ना उद्या ती उतरणारच होती. माझ्या डोळ्यांसमोर उतरलेली बरी की एखाद्या दुपारी एकटी?

पहिला आठवडा मी तिला फक्त उताणं तरंगायला शिकवलं. दम लागला, घाबरलीस, की हातपाय झाडायचे नाहीत, आभाळाकडे तोंड करून पडायचं. मग किनाऱ्याला धरून पोहायचं, समुद्राच्या पोटात शिरायचं नाही. जेवून पोहायचं नाही, एकटीनं पोहायचं नाही. जर्मन पाहुणे दरसाल एक पिवळं प्लास्टिकचं होडकं आमच्याकडे ठेवून जातात, ते वल्हवायलाही शिकली. उलटवून परत चढायला लावलं मी तिला, रडली तरी. वाऱ्यानं मागून धरलं तर त्याच्या तोंडावर वल्हवत बसायचं नाही, दम जातो. आडवं वल्हवायचं, आत समुद्रात बाजूला उभ्या असलेल्या गाढवाच्या खडकाकडे. आणि काही झालं तरी होडकं सोडायचं नाही.

पिसो यालाचं पाणी लबाड आहे, हे तिला रोज सांगते. उत्तरेचा मेल्तेमी वारा सुटला की बेटाच्या त्या बाजूला लाटा घराएवढ्या आणि आपल्याकडे पाणी तेल, कारण डोंगर आडवा आहे. पण वारा डोंगरावरून उतरतो तो समुद्राकडेच ढकलतो. काठाशी कळतही नाही. शंभर पावलं आत गेलं की कळतं, तेव्हा उशीर झालेला असतो.

आणि एक गोष्ट मी तिला जेवताना-उठताना सांगते: वाऱ्यानं नेलेल्या वस्तूमागे जायचं नाही. टोपी जाऊ दे, चेंडू जाऊ दे, सोन्याची साखळी जाऊ दे. परवा तिनं विचारलं, "आत्या, सगळं एकदा सांगतेस, हे एकच शंभरदा का सांगतेस?"

मी काय सांगू गं तिला? तू सांग. नाहीतर मला सांगू दे. कारण ठाऊक नसलेला नियम पहिल्या घाईत विसरतो माणूस. मानोलिसलाही नियम पाठ होताच ना.

कालिरोई

*

पिरेअस, ३० जुलै

वन्सं,

नाही.

तुम्ही तुमचा भाऊ गमावलात, मी नवरा गमावला, ते वेगळं. पण तिला हे कळलं, की बाप माझ्या रिंगपायी बुडाला, तर त्या दिवसापासून ती माझी मुलगी उरणार नाही. रोज आरशात बघून स्वतःला विचारत बसेल. मी बारा वर्षं रात्री जागून ही गोष्ट तिच्यापासून लांब ठेवली आणि तुम्ही पोहण्याच्या धड्यात ती शिकवणार?

तिला गुरुवारच्या बोटीनं परत पाठवा. मी धक्क्यावर उभी राहीन. आली नाही तर तुमचं-माझं नातं संपलं असं समजा.

स्टमाटिया

*

पिसो याला, ४ ऑगस्ट

स्टमाटिया,

निकितास गेला. काल सकाळी, गच्चीवरच. फालियानं त्याला कॉफी नेऊन दिली, कप परत आणायला गेली तर मान कलली होती. फार त्रास झाला नाही म्हणते. खरं असो की मला बरं वाटावं म्हणून सांगत असो.

आज माती दिली. वाऱ्यानं पाद्रीबाबांचं उपरणं उडत होतं, मेणबत्त्या टिकेनात. बायकांनी घर उलटंपालटं केलं. आरसे झाकले, माझे दोन झगे कढईत काळे रंगवले, रंगीत म्हणून जे होतं ते सगळं पेटीत घातलं. पडदे, उशा, फुलांची चादर, सगळं. चाळीस दिवस या घरात रंग दिसायचा नाही. घर काय, मलाच ओळखू येत नाही.

गुरुवारी फालिया येणार नाही. बोटीच बंद आहेत, वाऱ्यामुळे बंदरावर बंदी आहे. हे पत्रही कधी निघेल देव जाणे. तुझा राग मला कळतो, पण आज भांडायचं बळ नाही. चाळीस वर्षं जो माणूस वाऱ्याकडे बघत बसला होता त्याची खुर्ची रिकामी आहे, आणि मी तिच्याकडे बघत बसलेय.

कालिरोई

*

पिरेअस, धक्का, ७ ऑगस्ट

वन्सं,

तुमचं पत्र अजून हातात नाही. भाऊजी गेल्याचं तुमच्या गावच्या एका खलाशाकडून कळलं, त्यानं बोटीच्या वायरलेसवर ऐकलं म्हणे. फार वाईट वाटलं. माझ्या लग्नात तेच एकटे नाचताना पडले होते आणि पडल्या पडल्या हात वर करून नाचत राहिले होते. देव त्यांना शांती देवो.

तीन दिवस फोन लावतेय. वाऱ्यानं तारा तुटल्यात म्हणतात. तीन दिवस धक्क्यावर येतेय आणि बोट सुटत नाही. आज सकाळी बंदी उठली. तिकीट काढलं, बॅग हातात धरली, बोटीवर चढायच्या फळीपर्यंत गेले, आणि माझे पाय पुढे पडेनात. खालचं काळं पाणी दिसत होतं. मागचे लोक ढकलत होते. एक बाई म्हणाली, "चढताय की दार अडवताय?" मी बाजूला झाले.

म्हणून हे पत्र खलाशाच्या हाती देतेय. मला काय होतंय ते सांगता येत नाही. कालपासून डाव्या डोळ्याची पापणी लवतेय, हे काही चांगलं लक्षण नाही. फालियाला घरात ठेवा. हात जोडते, या वाऱ्यात तिला घरात ठेवा.

स्टमाटिया

*

पिसो याला, ८ ऑगस्ट

आई,

आधी हे वाच: मी ठीक आहे. हाताला सोलपटलंय आणि पाठ भाजलीय, बाकी सगळी जागेवर आहे. आता बस, मग पुढचं वाच. बसलीस का?

रिंगचं मला माहीत आहे.

आत्यानं सांगितलं, आतोबांना माती दिल्याच्या दुसऱ्या दिवशी. मीच तिला सोडलं नाही. तुझं पत्र मी वाचलं होतं, आई, टेबलावर उघडं होतं. "माझ्या रिंगपायी" एवढंच दिसलं आणि मी आत्यासमोर उभी राहिले. ती म्हणाली, "तुझ्या आईला मी शब्द दिलेला नाही, पण तिची इच्छा मोडतेय, पाप माझ्या डोक्यावर." आणि सगळं सांगितलं. पिवळी रिंग होती. तिच्यावर बदक होतं. मी काठावर रडत होते. बाबा म्हणाले, "आणतो गं, रडू नकोस," आणि गेले.

मला तुझा इतका राग आला! बाबांचा त्याहून जास्त. रबरी बदकासाठी कुणी मरतं का? शुक्रवारी घरात सगळ्या बायका काळ्या कपड्यांत बसल्या होत्या, मयताच्या प्रसादाचे गहू निवडत होत्या, मला तिथे बसवेना. मी खाली किनाऱ्यावर गेले. चिटपाखरू नव्हतं. पाणी तेल. मी नियमाप्रमाणे वर बघितलं, देवाशपथ बघितलं. गच्चीवर लाल काही नव्हतं. म्हणजे इतक्या दिवसांचा वारा पडला, असं मी धरून चालले. मी पिवळं होडकं ओढलं आणि निघाले. एकटी गेले ही माझी चूक, ती मी कबूल करते.

कांबळं पेटीत होतं, आई. सुतक होतं ना. उशा-पडद्यांबरोबर त्यालाही कुणीतरी पेटीत घातलं, आणि त्याचा अर्थ आमच्यापैकी कुणाच्याही डोक्यात आला नाही. माझ्यासुद्धा नाही. आणि मी तर ते रोज टाकत होते.

काठाजवळच्या खडकाच्या पुढे गेले आणि पाठीत कुणी तरी ढकलल्यासारखं झालं. वळले, तर वळताच येईना. वल्हं मारतेय, मारतेय, आणि गाव लहान होतंय. मग एक झोत आला आणि वल्हं हातातून सुटलं. चार हातांवर तरंगत होतं, आई! एक उडी मारली असती तर हाताला लागलं असतं. मी पाय बाहेरही टाकला होता.

आणि मला बदक दिसलं. खरंच दिसलं असं नाही, पण तेच होतं ते. चार हातांवरचं बदक. बाबांनाही ते असंच चार हातांवर दिसलं असणार, आणि मग आणखी चार हातांवर.

मी पाय आत घेतला. वल्हं जाऊ दिलं. मोठ्यानं रडत रडत जाऊ दिलं. मग पालथी झोपले, वाऱ्याला अंग कमी लागावं म्हणून, आणि दोन्ही हातांनी आडवं वल्हवत राहिले, गाढवाच्या खडकाकडे. तो चुकला असता तर पुढे थेट क्रीट. मधे एकदा मागे बघितलं. गच्चीवर लाल होतं. पेटलेल्या चुलीसारखं लाल, एवढ्या लांबून दिसत होतं. आत्यानं मला बघितलं, हे मला कळलं, आणि हातात बळ आलं.

खडकाला आपटले तेव्हा हात सोलपटला. होडकं कपारीत अडकवलं आणि त्याला मिठी मारून बसले. ऊन उतरेपर्यंत बसले. लेफ्तेरिस काका मच्छीची होडी घेऊन आले आणि पहिलं वाक्य काय म्हणाले ठाऊक आहे? "काय गं, गाढवाला गाढव भेटलं का?" मग मला उचलून घेतलं आणि स्वतःचा सदरा माझ्या अंगावर टाकला.

आई, तू मला सांगितलं नाहीस म्हणून मी रागावलेय. अजून रागावलेय. पण ये ना गं.

तुझी
फालिया

*

(त्याच पाकिटात)

स्टमाटिया,

पोरीनं सगळं लिहिलंय, मी काय लिहू? वाचून तू मला काय म्हणशील ते मला पाठ आहे. "तुम्ही सांगितलंत म्हणून ती समुद्रावर गेली." खरं आहे. मी सांगितलं नसतं तर ती वल्ह्यामागे गेली असती, हेही खरं आहे. दोन्ही खरं आहे आणि दोन्ही घेऊन मला जगायचंय.

पाणी आणायला गच्चीवर गेले म्हणून दिसलं मला ते पिवळं टिंब. ओरडले तर वाऱ्यात माझाच आवाज मला ऐकू येईना. पेटी उघडली, उशा फेकल्या, कांबळं ओढलं. थोरल्या जावेनं माझा हात धरला, "कालिरोई, वेड लागलं का? नवरा जाऊन तीन दिवस झाले नाहीत, घरावर लाल?" मी तिला ढकललं. खरंच ढकललं, ती गव्हाच्या परातीत बसली. कॉफीच्या दुकानातल्या पुरुषांनी सुतकाच्या घरावर लाल बघितलं आणि खुर्च्या सोडून धावत सुटले. निकितास असता तर हसला असता. मेल्यावरही कामाला लावलं म्हणाला असता.

गाव आता बोलतंय. बोलू दे. पण रात्रभर एकच गोष्ट डोक्यात फिरतेय. आमचं सगळं शहाणपण उलटं होतं गं. धोका असला की लाल लावायचं, म्हणजे लावणारा मेला, आजारी पडला, झोपला, की समुद्र आपोआप सुरक्षित! चाळीस वर्षं कुणाच्या ध्यानात आलं नाही. आज रविवारी चर्चबाहेर मी सगळ्यांना सांगितलं: आजपासून लाल दिसलं तर उतरा. कुणीतरी जागं आहे, वारा बघितलाय, म्हणून लाल. दिसलं नाही तर काठावर बसा. पाद्रीबाबा सुतकाचं काहीतरी बोलायला लागले. मी म्हटलं, बाबा, तुम्ही बुडालात तर तुमचंही सुतक पाळू.

आता खुर्चीवर फालिया बसते. बोट आल्यावर तिला धाडू का, की तू येतेस? तू म्हणशील तसं. या वेळी मी अट घालणार नाही.

कालिरोई

*

पिरेअस, ११ ऑगस्ट

ताई,

तुमचं पाकीट काल आलं. फालियाचं पत्र वाचताना ती म्हणाली तशी मी बसले नाही, म्हणून मग जमिनीवर बसावं लागलं. शेजारीण पाणी घेऊन धावली.

तुमच्यावर ओरडायला मी चार कागद लिहिले. चारही फाडले. तिनं पाय आत घेतला. ती ओळ मी इतक्या वेळा वाचलीय की कागद तिथे मऊ झालाय. मानोलिसला कुणीतरी ते बदक आधीच सांगायला हवं होतं. मी बारा वर्षं तिला पाण्यापासून वाचवत होते आणि तुम्ही तिला पाण्यात वाचायला शिकवत होतात. मला हे लिहिताना त्रास होतोय, पण लिहिते.

तिला धाडू नका. शनिवारच्या बोटीनं मीच येते. धक्क्यावरच्या खलाशाला सांगून ठेवलंय, फळीवर अडले तर मागून ढकल. तो म्हणाला, "बाई, मागच्या खेपेलाच सांगायचं होतंत."

दुकानात लाल जाड कापड शिल्लक होतं. त्याची चांगली दुपदरी शिवण घालून एक नवं कांबळं शिवलंय, कोपऱ्यांना दोरी बांधायची कडी लावलीय, वाऱ्यात उडू नये म्हणून. निकितास भाऊजींचं जुनं पेटीत राहू दे, सुतक फिटेपर्यंत. जावेला सांगा, हे माझं आहे, मी सुतकातली नाही.

पोहायचं वगैरे मला सांगू नका. पण तुमच्या त्या टोप्यांच्या गोलात कडेला गुडघाभर पाण्यात उभं राहायला जागा असेल तर ठेवा. मी आधी वर बघेन. लाल असलं तरच पाऊल टाकीन.

तुमची
स्टमाटिया